शंभर किलोमीटर आतली भरती

हॅम्बुर्गच्या लांडुंग्सब्र्युकेनवर, म्हणजे तिथल्या मुख्य प्रवासी धक्क्यावर, मी सकाळी आठच्या सुमारास उतरलो तेव्हा काठावरून धक्क्याकडे जाणारा छोटा लोखंडी पूल जवळजवळ सपाट होता. दुपारी त्याच पुलावरून परतताना तो घसरगुंडीसारखा उभा झालेला. एक आजी चाकांचा वॉकर ढकलत, दोनदा थांबून दम खात वर चढत होत्या. पूल तोच, जागा तीच. खाली गेला होता तो धक्का. सुमारे सातशे मीटर लांबीचा हा अख्खा धक्का लोखंडी तराफ्यांवर तरंगतो आणि पाण्याबरोबर दिवसातून दोनदा वर चढतो, दोनदा खाली उतरतो.

भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उतरून जायचं, भरतीला वरूनच पाय टाकायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. पण भाऊचा धक्का समुद्रावर आहे. हॅम्बुर्ग एल्ब नदीवर आहे आणि उत्तर समुद्र तिथून जवळजवळ शंभर किलोमीटर दूर. मध्ये सह्याद्री नसता आणि मुंबईची भरती लोणावळ्याच्या पुढे जाऊन पोहोचली असती, तर कसं झालं असतं? हॅम्बुर्गमध्ये तसं रोज होतं.

याचं कारण नदीच्या मुखात आहे. एल्बचं मुख नरसाळ्यासारखं: समुद्राकडे प्रचंड रुंद, आत येता येता चिंचोळं. भरतीचं पाणी त्यात शिरलं की बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून ते पुढे सरकत राहतं आणि वर चढतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असे. आज तो साडेतीन मीटरच्या वर गेला आहे. ही वाढ मुख्यतः माणसांची करणी. मोठी जहाजं यावीत म्हणून नदीचं पात्र पुन्हा पुन्हा खोल केलं, पुराच्या भीतीने बाजूचे ओढे आणि सखल कुरणं बांध घालून तोडली. पूर्वी वाटेत पसरून दमणारं पाणी आता सरळ, खोल चरातून धावत शहरात येतं. हे एक लक्षात ठेवलं की या शहरात जे जे दिसतं त्याचा उलगडा होत जातो. मी तरी हॅम्बुर्ग असंच पाहिलं: पाण्याची वेळ विचारत.

आता प्रश्न असा की शहाणी माणसं बंदर समुद्रावर बांधायचं सोडून इतक्या आत का बांधतील? जुन्या काळी माल गाडीवाटेने नेण्यापेक्षा पाण्यावरून नेणं कितीतरी स्वस्त पडे, त्यामुळे जहाज जितकं आत येईल तितका व्यापाऱ्याचा फायदा. एल्बने वर गेलं की थेट बोहेमियापर्यंतचा मुलूख हाताशी. ईशान्येला थोड्याच अंतरावर ल्यूबेक, म्हणजे बाल्टिक समुद्र. डेन्मार्कला वळसा घालण्यापेक्षा या दोन शहरांमधली खुष्कीची वाट बरी, या हिशेबावर हान्झा या व्यापारी शहरांच्या संघाने शतकानुशतकं पैसा केला. गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही ‘एचएच’ लिहिलेलं असतं. पहिला एच ‘हान्झा’ शहराचा, दुसरा हॅम्बुर्गचा.

या व्यापारी शहराची जन्मपत्रिका मात्र खोटी आहे, आणि ते कुणी लपवतही नाही. ७ मे ११८९ रोजी सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने हॅम्बुर्गच्या जहाजांना एल्बवर समुद्रापर्यंत जकातमाफी दिली, असं एक सनद सांगते. जी सनद हाती आहे ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तेराव्या शतकात, शहरवाल्यांनीच बनवलेली आहे. तरी दरवर्षी मे महिन्यात त्याच तारखेच्या आसपास बंदराचा वाढदिवस साजरा होतो. शिडाची जहाजं येतात, टगबोटी एकमेकींभोवती गिरक्या घेतात आणि लाखो लोक काठावर उभे असतात. आपल्याकडेही वतनाच्या कागदांबाबत असे किस्से कमी नाहीत, पण बनावट सनदेचा असा जाहीर वाढदिवस मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

जकातीची ही ओढ पुढेही सुटली नाही. बिस्मार्कच्या जर्मनीत सामील झाल्यावरही हॅम्बुर्ग जर्मन जकात-क्षेत्राबाहेर राहिलं होतं. अखेर १८८८ मध्ये ते आत आलं, पण एका अटीवर: बंदराचा एक भाग ‘मुक्त’ राहील, तिथे माल उतरवा, साठवा, निवडा, पुन्हा चढवा, जकात नाही. त्यासाठी गोदामं हवी होती. केरवीडर आणि वांडराम या जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे वीस हजार माणसं हलवली गेली. केरवीडर या नावाचा अर्थ ‘परत फिर’. समुद्रावर निघालेल्या नवऱ्याला बायका हेच म्हणत, असं लोक सांगतात. ज्यांची घरं पडली ते काही तिथे परत फिरले नाहीत.

त्या जागी लाकडी खांबांच्या पायावर उभी राहिली श्पायखरश्टाट, म्हणजे अक्षरशः गोदामनगरी. लाल विटांच्या सहा-सात मजली इमारती, हिरवट पडलेले तांब्याचे कळस, आणि मधून पाण्याच्या गल्ल्या. या गल्ल्यांना तिथे ‘फ्लेट’ म्हणतात. प्रत्येक गोदामाला दोन तोंडं, एक रस्त्याकडे, एक पाण्याकडे. वर छपराच्या टोकाशी, पुढे आलेल्या छोट्या छज्ज्याखाली, रहाट बसवलेला. भरतीला सपाट तळाची पडावं फ्लेटमध्ये शिरायची आणि कॉफीची, चहाची, कोकोची, मिऱ्यांची पोती रहाटाने वर जायची. ओहोटीला कितीतरी फ्लेटांत नुसता चिखल उरायचा, म्हणजे कामाची पाळीसुद्धा चंद्र ठरवणार. मी ओहोटीलाच तिथल्या एका पुलावर उभा होतो. खाली काळपट गाळ, त्यात एक सायकल रुतलेली, आणि भिंतीवर माणसाच्या दीड-दोन पट उंचीपर्यंत ओलीची रेघ. त्या रेघेपर्यंत संध्याकाळी पाणी येणार होतं.

गोदामं चालवणाऱ्यांना ‘क्वार्टिअर्सलॉइटे’ म्हणत. बहुधा चार भागीदारांची टोळी, पाटीवर एकाचं नाव आणि पुढे ‘आणि मंडळी’. पोत्यात बांबूसारखी पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा, हुंगायचा, चघळायचा आणि मालाचा दर्जा सांगायचा, ही त्यांची विद्या. आपल्या बाजारसमितीत पोत्यात सळई खुपसून धान्य पाहतात, त्याच जातीची. श्रीमंत व्यापाऱ्यांना मात्र या शहरात वेगळं नाव: ‘मिरीची पोती’. मलबारच्या काळ्या मिरीने युरोपात किती घरं वर आणली त्याची ही उपरोधिक पावती. मुक्त बंदर १ जानेवारी २०१३ ला बंद झालं. आता गोदामांत कचेऱ्या, संग्रहालयं, काही गालिच्यांची दुकानं आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचं एक जगप्रसिद्ध प्रदर्शन आहे. २०१५ मध्ये या भागाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्याच यादीत शेजारचं चिलीहाउस आहे, जहाजाच्या नाळेसारखं टोकदार. ज्याने ते बांधून घेतलं त्याने चिलीच्या सोऱ्यातून पैसा केला होता, म्हणून नाव चिली.

पण पाणी फक्त माल आणत नाही. १८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली. त्या काळात पश्चिम युरोपातल्या मोठ्या शहरांत एवढी मोठी साथ दुसरीकडे कुठे आली नाही. का? १८४२ च्या मोठ्या आगीनंतर विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने शहराला आधुनिक गटारं आणि नळ दिले होते. गटारं एल्बमध्ये शहराच्या खालच्या अंगाला सुटत, नळाचं पाणी वरच्या अंगाला उचललं जाई. कागदावर चोख. फक्त या नदीला भरती असते. दिवसातून दोनदा नदी उलटी वाहते, आणि भरती मैला वरच्या अंगाला ढकलू शकते. ते पाणी न गाळता घराघरांत जाई. गाळण्यांचा खर्च नको, म्हणून घरमालक आणि व्यापारी यांचा भरणा असलेल्या नगरसभेने ते काम वर्षानुवर्षं लांबवलं होतं. साथ आली तेव्हाही व्यापाराला खीळ बसेल म्हणून जाहीर करायला उशीर केला.

शेजारचं आल्टोना तेव्हा वेगळं, प्रशियाचं शहर होतं. त्याचं पाणी तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला उचललेलं, म्हणजे जास्त घाण. पण आल्टोना ते वाळूच्या थरांतून गाळून देई, आणि तिथे पटकीचे रोगी फार थोडे झाले. दोन शहरांची हद्द ज्या रस्त्यावरून जात होती तिथे एका बाजूला घरोघर रोगी आणि समोरच्या बाजूला जवळपास शांत. माती तीच, हवा तीच, नळ वेगळा. पटकी दूषित हवेतून येते की पाण्यातून, या वादात रॉबर्ट कॉखना याहून ठसठशीत पुरावा काय हवा होता! पटकीचा जंतू त्यांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी इजिप्त आणि कोलकात्यात शोधला होता. पुढे १८९७ मध्ये प्लेगचा अभ्यास करायला हेच कॉख मुंबईत आले. हॅम्बुर्गने साथीच्या दुसऱ्याच वर्षी गाळण्या सुरू केल्या. हिशेबी शहराने हिशेब एकदाच चुकवला, पण तो असा.

१९४३ च्या जुलैअखेर दोस्तांच्या विमानांनी आठवडाभर बॉम्ब टाकले. एका रात्री आगीचं वादळच उठलं आणि त्या हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसं मेली. सांक्ट निकोलाय चर्चचा १४७ मीटर उंच काळवंडलेला मनोरा तेवढा उभा आहे. बाकीचं चर्च मुद्दाम बांधलेलं नाही. तिथे मी फार वेळ थांबलो नाही, थांबवलं नाही.

पाण्याने शेवटचा मोठा घाला घातला तो १६ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री. वायव्येच्या वादळाने उत्तर समुद्राचं पाणी नरसाळ्यात कोंबलं, सागरपातळीपेक्षा ५.७ मीटर उंच चढलेलं पाणी हॅम्बुर्गला पोहोचलं आणि बांध पन्नासहून जास्त ठिकाणी फुटले. ३१५ माणसं बुडाली. बहुतेक विल्हेल्म्सबुर्ग या सखल बेटावरची, त्यांतही युद्धात घर गेल्यावर बागांतल्या झोपड्यांत राहिलेली गरीब माणसं. हेल्मुट श्मिट तेव्हा शहराच्या पोलिसखात्याचे प्रमुख होते. राज्यघटना तसा अधिकार देत नसताना त्यांनी लष्कर बोलावलं, हेलिकॉप्टरं मागवली आणि छपरांवरची माणसं उतरवली. पुढे ते जर्मनीचे चॅन्सलर झाले तेव्हाही लोकांना ती रात्र आठवत होती. बांध उंच केले गेले. १९७६ च्या जानेवारीत पाणी त्याहूनही वर, ६.४५ मीटरला गेलं, पण १९६२ ची पुनरावृत्ती झाली नाही.

जुन्या बंदराच्या जमिनीवर सध्या हाफेनसिटी नावाचं नवं नगर उभं राहतंय. ते बांधाच्या आत नाही, बाहेर आहे. इथे बांध घालण्याऐवजी जमीनच सागरपातळीच्या वर आठ मीटरच्या आसपास उंच केली. खालचे काठ आणि काही तळघरं पाण्याला सोडून दिली, तळमजल्यांना पोलादी दारं बसवली. इथेच कुठेतरी पूर्वी ग्रासब्रोक नावाचं कुरण होतं आणि समुद्री चाच्यांची मुंडकी उडवत. श्टोर्टेबेकर हा त्यांतला दंतकथेचा नायक. डोकं उडाल्यावरही तो म्हणे आपल्या अकरा साथीदारांसमोरून चालत गेला. आता त्या बाजूला कॉफी साडेचार युरोला मिळते.

याच टोकाला एल्बफिलहार्मोनी आहे. साठच्या दशकातल्या, कोको-चहा-तंबाखू साठवणाऱ्या जाडजूड विटांच्या गोदामावर काचेची लाट ठेवावी तसं हे संगीतगृह. शहराच्या तिजोरीतून ७७ दशलक्ष युरो जातील असं आधी सांगितलं होतं, गेले ७८९ दशलक्ष. २०१० ला उघडायचं ते २०१७ च्या जानेवारीत उघडलं. उड्डाणपुलाच्या पाटीवरची तारीख बदलताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून उगाच बरं वाटतं. ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीवर सगळ्यांना जाता येतं आणि तिथून बंदर एका नजरेत येतं.

रात्रीचं सांक्ट पाउली आणि रीपरबान यावर सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. रीपरबान म्हणजे दोर वळण्याची वाट. जहाजांचे जाड दोर अखंड वळायचे तर शेकडो मीटर सरळ, मोकळी जागा लागते, काथ्या वळणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. दोर गेले, खलाशी आले, त्यांच्यामागून दारूचे गुत्ते, बायका आणि गाणी आली. १९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरं इथल्या ‘इंड्रा’ क्लबात रात्र रात्र वाजवायला लागली. ती बीटल्स होती. जॉर्ज हॅरिसन सतरा वर्षांचा निघाला म्हणून त्याला देशाबाहेर काढलं.

रविवारी पहाटेचा मासळीबाजार मात्र चुकवू नये. १७०३ पासून भरतो, उन्हाळ्यात पाचला सुरू, साडेनऊला बंद, कारण लोकांनी मग चर्चला जायचं. रात्रभर नाचून आलेली पोरं आणि पहाटे उठून आलेली म्हातारी माणसं एकाच टपरीपुढे पाव आणि हेरिंग खात उभी असतात. विक्रेता धुरावलेल्या वामी पिशवीत टाकत ओरडतो, पुन्हा एक टाकतो, गिऱ्हाईक हलत नाही, मग आणखी एक टाकतो, किंमत तीच. आमच्या कोळणी असला फुकटचा दानधर्म कधी करायच्या नाहीत. शेजारची १८९६ ची लिलावशाळा बांधाच्या बाहेर आहे. वादळी भरतीला तिच्यात पाणी शिरतं. मग धुऊन पुसून पुन्हा उघडतात.

मी दिवसभराच्या साध्या तिकिटावर ६२ नंबरची फेरी पकडली. ही शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचाच भाग, पर्यटकांच्या बोटीचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही. चढताना तिकीट पाहणाऱ्याने ‘मॉइन’ म्हटलं. इथे हे सकाळी, दुपारी, रात्री, केव्हाही म्हणतात, आणि दोनदा म्हटलं तर बडबड्या समजतात. धक्क्याजवळच जुन्या बोगद्याचा घुमट दिसतो. १९११ मध्ये कामगारांना पलीकडच्या जहाजबांधणी कारखान्यांत नेण्यासाठी एल्बच्या पोटातून ४२६ मीटरचा हा बोगदा खणून पूर्ण झाला. पाणी बाहेर ठेवायला आत दाबाची हवा भरत, आणि त्या दाबातून झटकन बाहेर आलेल्या शेकडो कामगारांना पाणबुड्यांना होतो तोच आजार झाला, काही दगावले. आत फरशांवर मासे आणि खेकडे कोरलेले आहेत. आजही लोक पायी, सायकलने फुकट जातात.

ओव्हेलग्योने या थांब्यावर उतरलं की वाळूचा किनारा. मुलं किल्ले बांधतायत आणि समोर, नदीपलीकडे, क्रेनांची रांग जहाजावरचे कंटेनरचे डबे उचलतेय. किनाऱ्यावर एक मोठा धोंडा आहे, २१७ टनांचा. १९९९ मध्ये नदी खोल करताना तळाशी सापडला. हिमयुगात बर्फाने तो स्वीडनमधून ढकलत आणला, म्हणून नाव ‘म्हातारा स्वीडिश’. त्याने तिथे लाखो वर्षं काढली आणि खोदकाम करणाऱ्यांनी त्याला बाहेर काढून किनाऱ्यावर बसवलं. खोदकाम काही थांबलेलं नाही. नववं खोलीकरण २०१९ मध्ये सुरू झालं. साडेतेरा मीटर बुडणारं जहाज केव्हाही यावं आणि साडेचौदा मीटरचं भरतीवर स्वार होऊन, हा उद्देश. आत येणारं जहाज भरतीच्या लाटेबरोबर चालतं, त्यामुळे त्याला सोपं. बाहेर जाणाऱ्याची पंचाईत. ते निघतं भरतीला, पण समोरून येणारी ओहोटी त्याला वाटेत गाठते, म्हणून सुटायची वेळ काटेकोर पाळावी लागते. आणि गंमत अशी की खोल केलेल्या पात्रात भरती थोडा वेळ पण जोरात येते, ओहोटी रेंगाळत जाते. जोराचं पाणी गाळ आत आणतं, रेंगाळणारं तो बाहेर नेत नाही. जितकं खोदाल तितका गाळ. नवी खोली मिळाल्यावर वर्षभरातच गाळामुळे काही काळ जहाजांना कमी बुडूनच यावं लागलं.

डब्यांच्या धंद्याने एक गोष्ट बदलली. पूर्वी जहाज आठवडे-आठवडे धक्क्याला असे, खलाशी रीपरबानवर जात. आता ते तासांच्या हिशेबात रिकामं होऊन निघतं. बंदरातल्या तारांमागे ‘डकडाल्बेन’ नावाचा खलाशांचा क्लब १९८६ पासून आहे. स्वयंसेवक छोट्या बसने खलाशांना जहाजावरून आणतात. तिथे फोनचं कार्ड, बिलियर्डचं टेबल, आणि एका शांत खोलीत सगळ्या धर्मांचे देव्हारे, आपलेही. आपल्याकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या कितीतरी घरांत ‘बोटीवर’ असलेला माणूस आहे. त्याने जर्मनी पाहिली ती बहुधा एवढीच.

नदीच्या खालच्या अंगाला वेडेल गावाजवळ शुलाऊला एक जागा आहे. १९५२ पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला ध्वज खाली करून सलामी देतात आणि कर्ण्यावर त्या जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत लावतात. हॅम्बुर्ग आणि ‘जन गण मन’ यांचं नातं त्याहूनही जुनं. ११ सप्टेंबर १९४२ रोजी सुभाषचंद्र बोसांच्या उपस्थितीत इथल्या हॉटेल आटलांटिकमध्ये जर्मन-भारतीय संस्थेच्या स्थापनेवेळी ते राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर वाजवलं गेलं, भारताने ते स्वीकारण्याच्या सात वर्षं आधी. मी शुलाऊला तासभर थांबलो. एक लांबलचक जहाज ओहोटी गाठायच्या आत बाहेर पडत होतं. डेकवर दोघं-तिघं नारिंगी कपड्यांत उभे होते, त्यांतला एकजण आपल्याकडचा वाटला. कर्ण्यावर लायबेरियाचं राष्ट्रगीत लागलं. शेपटावर झेंडाही लायबेरियाचाच होता. त्याने काठाकडे बघून हात हलवला आणि दोर गुंडाळायला लागला.